सोन्याचे कण आणि प्रकाशाची दिशा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात हरिशंकरपुरम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘प्रकाशाचं ध्रुवीकरण’ असं छापलं आहे. ते वाचून काल दोघा-तिघांनी मला विचारलं, यंदा निवडणुकीवर बोलणार का? मी सरकारी नोकर, त्या वाटेला जायची मला मुभा नाही. मराठी विश्वकोशाने प्रकाशाच्या या गुणाला ‘ध्रुवण’ असा सुटसुटीत शब्द दिला आहे. आज तोच वापरू, म्हणजे गैरसमज नको.

मी राज्य शासनाच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला आणि तेव्हापासून नमुन्याच्या बाटल्या, लेबलं आणि नोंदवह्या हाच संसार. आमच्या कामात रोजचा प्रश्न एकच असतो: या बाटलीत अमुक पदार्थ आहे का, आणि असला तर किती? फ्लोराइडचंच घ्या. एका लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याजोगं नाही. दीड मिलिग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नव्हे. एवढंसं काहीतरी शोधायचं, मग त्यावर सही करायची, आणि त्या सहीवर एखादा हातपंप बंद होणार किंवा चालू राहणार.

अन्नाच्या तपासणीत तर अजून जोखीम. आपल्या भागात गणपती-दिवाळीला मावा घ्यायचा म्हटलं की बायका दहादा विचार करतात. २०१९ च्या जुलैत मुरैना आणि भिंड जिल्ह्यांत नकली दुधाच्या कारखान्यांवर छापे पडले, मग शासनाने ‘शुद्ध के लिए युद्ध’ ही मोहीम काढली, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन सापडलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. मेलामाइन हे प्लास्टिकच्या ताटल्यांच्या धंद्यातलं रसायन. त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून दुधात घातलं की नेहमीच्या चाचणीत प्रथिनं जास्त दिसतात. आता बाळांच्या भुकटीत ते किलोला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे. हा एक मिलिग्रॅम चटकन, जागेवरच शोधायचा तर कसा? जगभर याचं एक उत्तर शोधलं जातं आहे, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं. त्या उत्तरात एक मेख आहे, ती प्रकाशाच्या दिशेची. मला आज त्या मेखेबद्दल सांगायचं आहे.

आधी सोनं. सराफ्यातलं सोनं पिवळं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. पण त्याचा कण केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतका, म्हणजे वीसेक नॅनोमीटरचा केला आणि पाण्यात तरंगत ठेवला, तर ते पाणी लाल दिसतं, कोकमाच्या सरबतासारखं. मायकेल फॅरेडेने १८५७ साली लंडनमध्ये अशी लाल सोनेरी द्रावणं करून त्यांचा अभ्यास केला होता. हे सोनं आपल्या घरात येऊन गेलेलं आहे. गर्भधारणेच्या चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ, मलेरियाच्या आणि कोविडच्या झटपट चाचण्यांतली रेघ, यांतल्या बऱ्याच पट्ट्यांवर ती रेघ म्हणजे गोळा झालेले सोन्याचे कणच असतात. (सुवर्णभस्माबद्दल कोणीतरी विचारणार, म्हणून सांगून ठेवतो: त्यातही नॅनो आकाराचे सोन्याचे कण असल्याचं तपासण्यांत दिसलं आहे. गुणाचं मात्र वैद्यांना विचारा.)

लाल का? धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. प्रकाश म्हणजे विजेच्या क्षेत्राची थरथर. ती कणावर पडली की सगळे इलेक्ट्रॉन एकदम इकडून तिकडे हलू लागतात. दिवाणखान्यातला झोपाळा आठवा. त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत ढकललं तर लहान पोरसुद्धा मोठ्या माणसाला उंच झोका देतं, लय चुकली तर झोपाळा अडखळतो. सोन्याच्या वीस नॅनोमीटरच्या गोळीची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा ती गिळते, मागे तांबडा उरतो.

आता याच झोपाळ्याला बाजूने ढकला. कड्या करकरतात, पाटी थोडी थरथरते, पण झोका काही मिळत नाही. लय बरोबर असून भागत नाही, दिशाही बरोबर लागते. गोल गोळीला सगळ्या दिशा सारख्या, तिचं काही अडत नाही. पण कण लांबट केला, जिऱ्यासारखा, रुंदीच्या तीन-चार पट लांब, की त्याचे दोन झोपाळे होतात. आडव्या दिशेचा झोपाळा हिरव्या प्रकाशाला हलतो. लांबीच्या दिशेचा मात्र थेट लालच्या पलीकडे, ७०० ते ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला. एकच कण, एकच सोनं. प्रकाश कुठल्या दिशेने थरथरतो आहे त्यावर तो कुठल्या रंगाला दाद देणार ते ठरतं.

प्रकाश कुठल्या दिशेने थरथरतो, यालाच ध्रुवण म्हणायचं. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून पलीकडे बांधा. दोरी वर-खाली हलवली तर लाट गजांतून पार जाते, डावी-उजवीकडे हलवली तर गजांवर आपटून थांबते. सूर्याचा किंवा बल्बचा प्रकाश सगळ्या दिशांनी एकदम थरथरतो. त्याला विशिष्ट पटलातून जाऊ दिलं की एकाच दिशेची थरथर उरते. उन्हाचे काही चष्मे असे असतात. रस्त्यावर, पाण्यावर, गाडीच्या बॉनेटवर आपटून येणारी तिरीप बरीचशी आडवी थरथरत असते, ती हे चष्मे अडवतात. पडद्यावरचं चित्र दाखवायला मोबाइलचा स्क्रीनसुद्धा याच गुणाचा उपयोग करतो. असा चष्मा लावून मोबाइल हळूहळू फिरवला, तर बऱ्याच मोबाइलांचा पडदा एका कोनात काळाठिक्कर पडतो.

किती प्रकाश जातो याचा हिशोबही आहे. दोन पटलं एका दिशेने ठेवली तर सगळा ध्रुवित प्रकाश पार. साठ अंशांनी फिरवलं तर चौथाई. नव्वदला जवळजवळ शून्य. ही चौथाई लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या गुणाने आपल्या देशात एक मोठं काम केलेलं आहे. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली ऑक्सफर्डहून ‘नरकुंडा’ जहाजाने परतत होते. समुद्र निळा का, याचं त्या वेळचं उत्तर होतं की आकाशाचं प्रतिबिंब. रामनांच्या खिशात निकोल प्रिझम होतं, म्हणजे ध्रुवणाचा स्फटिक. त्यातून पाहून त्यांनी पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश कापून टाकला. तरी समुद्र निळाच, उलट जास्त गडद. म्हणजे निळाई पाण्याच्या आतून येते. जहाज मुंबई बंदरात आलं तेव्हा त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र लिहिलं, त्यावर पत्ताही मुंबई बंदराचाच.

पुढे कलकत्त्यात त्यांच्याकडे वेंकटेश्वरन नावाचे एक सहकारी होते. नोकरी सरकारी टेस्ट हाऊसमध्ये, आणि फावल्या वेळात रामनांच्या प्रयोगशाळेत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, आमच्या जातकुळीतला माणूस! त्यांनी अतिशय शुद्ध ग्लिसरीनवर प्रकाश टाकला. विखुरलेला प्रकाश निळा यायला हवा होता, तो हिरवट आला, आणि चांगलाच ध्रुवित आला. काही द्रव प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात, तसा प्रकार म्हणावा तर तो साधारणपणे असा ध्रुवित नसतो. हे काहीतरी निराळं आहे, ही शंका बळावली ती इथे. के. एस. कृष्णन यांच्यासह झालेल्या पुढच्या प्रयोगांतून २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणाम जगासमोर आला, आणि १९३० साली नोबेल. आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, पण त्या शोधात ध्रुवणाची साक्ष होती हे शाळेत कोणी सांगत नाही.

रामन परिणाम म्हणजे काय, थोडक्यात. रेणूतले अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे थरथरत असतात, प्रत्येक रेणूची थरथर त्याची स्वतःची. त्यावर एकरंगी प्रकाश टाकला की कोटी किरणांत एखादा किरण या थरथरीशी देवाणघेवाण करून किंचित रंग बदलून परततो. तो बदल मोजला की रेणूची ओळख पटते. मेलामाइनची एक ठळक रेघ ६७६ या आकड्याच्या आसपास येते, आणि ती दिसली की मेलामाइनचा संशय धरायचा. (फ्लोराइड मात्र या पद्धतीने सापडणार नाही. पाण्यात तो एकटा फिरतो, थरथरायला जोडीदारच नाही. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेतली जुनी पद्धत शाबूत आहे.)

अडचण ती ‘कोटीत एखादा’ची. पदार्थ भरपूर असेल तर ठीक, किलोला मिलिग्रॅम असेल तर त्याचा आवाज ऐकूच येत नाही. १९७४ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी खरखरीत केलेल्या चांदीवर पिरिडिन नावाच्या द्रवाचा रामन संकेत घेतला, तर तो अपेक्षेपेक्षा खूपच जोरात आला. थोड्या वर्षांत कारण कळलं: झोपाळा! धातूच्या खाचाखोचांत इलेक्ट्रॉन हेलकावे खातात, तिथे विजेचं क्षेत्र एकवटतं, आणि तिथे बसलेल्या रेणूवर मूळ प्रकाशाच्या कितीतरी पट जोर पडतो. यातला हिशोब ऐकण्यासारखा आहे. क्षेत्र शंभर पट वाढलं तर संकेत साधारण शंभराच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दहा कोटी पट. १९९७ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकेकटा रेणू या रीतीने ओळखल्याचं जाहीर केलं.

चांदीचा जोर सोन्याहून जास्त, पण चांदी काळी पडते हे देवाच्या ताम्हणाशेजारची चांदीची वाटी घासणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. सोनं वर्षानुवर्षं तसंच राहतं, शिवाय गंधक असलेल्या रेणूंना घट्ट धरून ठेवतं. बियाण्याला चोळतात ते थायरम, त्यात गंधक आहे. त्यामुळे फळाच्या सालीवर थायरम राहिलंय का हे पाहायला सोन्याचे कण फार चांगले.

सगळ्यात जास्त जोर कुठे? दोन कण एकमेकांच्या अगदी जवळ आले, मध्ये नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरची फट राहिली, तर त्या फटीत. पण केव्हा? प्रकाशाची थरथर दोन्ही कणांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने असेल तेव्हा. मग एका कणाच्या फटीकडच्या टोकाला इलेक्ट्रॉनांची गर्दी होते, समोरच्या टोकाला तूट, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत प्रचंड ओढ तयार होते. थरथर त्या रेषेला आडवी असेल तर गर्दी आणि तूट वर-खाली होते, फटीत काहीच घडत नाही. तोच रेणू, तेच सोनं, तोच लेसर. नव्वद अंशांनी फिरवला आणि रेणू मुका. साठ अंशांना चौथाई.

पुण्याचं एक उदाहरण देतो, ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाणच्या एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांचा काढा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. काढ्याने सोनं क्षारातून बाहेर काढलं, आणि तयार झाले पातळ, सपाट त्रिकोण. त्यांच्याबरोबर शिव शंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंग आणि अबसार अहमद होते. हे काम २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापून आलं. आपण सर्दी झाली की उकळतो तोच गवती चहा! त्रिकोणाचं महत्त्व त्याच्या टोकांत आहे. विजेचं क्षेत्र टोकांशी जमतं, आणि तीन टोकांपैकी कुठलं उजळणार ते प्रकाशाच्या थरथरीच्या दिशेवर. दिशा फिरवली की एक टोक मंदावतं, दुसरं चढतं. आज पुण्यातच आयसरमध्ये जी. व्ही. पवन कुमार यांचा गट धातूच्या नॅनो तारा आणि कण यांच्यावर प्रकाश टाकून हीच देवाणघेवाण तपासतो.

आणखी एक पद्धत आहे, ती मला स्वतःला सगळ्यात समजायला सोपी वाटते. काचेच्या प्रिझमवर पन्नासेक नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा पत्रा चढवायचा. आतून तिरका किरण सोडायचा. एका नेमक्या कोनात सोनं तो किरण गिळून टाकतं, आणि पत्र्यावर एखादा रेणू येऊन चिकटला की तो कोन किंचित सरकतो. स्वीडनमध्ये लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रम यांनी १९८३ साली याने वायू आणि प्रथिनं ओळखून दाखवली. आज औषध कंपन्यांत ही यंत्रं आहेत. इथे ध्रुवण चुकलं, म्हणजे थरथर पत्र्याला समांतर ठेवली, तर सोनं निव्वळ आरसा. कोन नाही, दरी नाही, काही नाही.

आता माझ्या कामाचा मुद्दा. अन्न सुरक्षा कायदा २००६ सालचा. त्याप्रमाणे दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, त्याने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. बाकीचे राखून ठेवतात, कारण दुकानदाराला दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा हक्क आहे. म्हणजे भोपाळला जो आकडा आला तो दुसरीकडेही यायला हवा. एका आकड्यावर कुणाचं पिढीजात दुकान बंद होतं, आणि एका आकड्यावर नकली मावावाला सुटतो.

सोन्याच्या कणांच्या पद्धतीचं घोडं नेमकं इथे अडतं. द्रावणातला थेंब काचेवर टाकला आणि वाळवला की लाखो कण कसेही पडतात, कुणी उत्तर-दक्षिण, कुणी पूर्व-पश्चिम. लेसरचा प्रकाश बहुधा ध्रुवित असतो. ज्या जोड्या त्याच्या दिशेत पडल्या त्या ओरडतात, बाकीच्या गप्प. थेंबात शेजारी, दोन मायक्रॉन सरकून पाहिलं तर ओरडणाऱ्या जोड्या वेगळ्या, आकडा वेगळा. भर म्हणजे संकेत चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे मोजक्या चार जोड्यांचाच आवाज सगळ्या थेंबावर हावी. रेणू कसा बसला आहे यावरही फरक पडतो. चपटा रेणू सोन्यावर आडवा पसरला तर त्याच्या काही थरथरी ऐकू येतात, उभा राहिला तर दुसऱ्याच. ‘एक रेणूही पकडतो’ हे वाक्य बातमीत छान दिसतं. मला, सही करणाऱ्या माणसाला, त्यापुढचं वाक्य हवं असतं: उद्या पुन्हा पकडेल का, आणि तेवढाच?

यावर उपाय चालू आहेत, आणि ते सगळे दिशेभोवतीच फिरतात. एक म्हणजे कण पडतील तसे पडू द्यायचे नाहीत. संगणकाच्या चिप कोरतात तशा सोन्याच्या आकृत्या ओळीने, एकाच दिशेत कोरायच्या आणि लेसर त्या दिशेला लावायचा. जोर उत्तम, पण खर्चाचं काय? दुसरा उपाय माझ्या दृष्टीने जास्त व्यवहारी आहे: अशी आकृती घ्यायची की जिला दिशाच नाही, गोल चकत्या, कडी, किंवा तीन कणांची त्रिकोणी बैठक. जोर थोडा कमी, पण कसाही फिरवा, आकडा तोच. किंवा लेसरचं ध्रुवणच मोडून टाकायचं, सगळ्या दिशा एकत्र करून सरासरी घ्यायची. आणि काही जण दिशेचा उलटा उपयोग करतात. ध्रुवण मुद्दाम फिरवत संकेत नोंदवायचा. तो कोनाप्रमाणे वर-खाली झाला तर खात्री पटते की आवाज फटीतल्या रेणूचाच आहे, काचेचा किंवा घाणीचा नाही. मला ही शेवटची युक्ती फार आवडते, कारण तीत यंत्र स्वतःचीच उलटतपासणी घेतं.

इथे झाशी रोडवर डीआरडीई आहे, विषारी रसायनं आणि जंतू यांच्यापासून बचाव आणि त्यांची ओळख हेच त्यांचं काम. अशा संस्थांना हे तंत्र हवंच. आपल्या माव्याला मात्र आज त्याची गरज नाही, हेही सांगतो. माव्यात स्टार्च आहे का, हे पाण्यात उकळून गार करून टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले की निळ्या रंगाने कळतं. दुधातल्या युरियाला पिवळा रंग देणारी स्वस्त रासायनिक चाचणी आहे. नैसर्गिक युरिया दुधात असतोच, लिटरला ७०० मिलिग्रॅमच्या वर गेला की भेसळ समजतात. तिथे सोनं कशाला जाळायचं? सोनं लागेल ते जिथे या चाचण्या आंधळ्या होतात तिथे: मेलामाइन, कीटकनाशकांचे अंश, दुधातून येणारी गुरांच्या औषधांची मात्रा.

आता शेवटचा भाग, थोडा वळणाचा. आतापर्यंत सरळ रेषेतली थरथर पाहिली. थरथर गोल फिरतही पुढे जाऊ शकते, स्क्रूच्या आट्यांसारखी, डावी किंवा उजवी. आणि जीवसृष्टीतले बरेच रेणूही डावे-उजवे असतात, हातमोज्यांसारखे. पाश्चरने १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले आणि ते ध्रुवित प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवतात हे दाखवलं. आपल्याकडे जगदीशचंद्र बोसांनी १८९८ साली त्याहून गमतीचा प्रयोग केला. तागाच्या जुड्या घेतल्या, काहींना डावा पीळ दिला, काहींना उजवा, आणि त्यांतून विद्युत लहरी सोडल्या. डाव्या पिळाने लहरींचं ध्रुवण एकीकडे वळलं, उजव्याने दुसरीकडे. ध्रुवक म्हणून त्यांनी रेल्वेचं ब्रॅडशॉ वेळापत्रक वापरलं होतं, पानांत कथलाचा वर्ख घालून. आपल्या घरी जुनी वेळापत्रकं रद्दीत जातात!

बोसांच्या तागाची जागा आता सोन्याने घेतली आहे. २०१० साली एक्झेटरचे युआन हेंड्री आणि ग्लासगो विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी सोन्याच्या स्वस्तिकासारख्या आकृत्या कोरल्या, काही उजव्या वळणाच्या, काही डाव्या. केसाच्या जाडीत शंभरेक मावतील इतक्या लहान. त्यांच्याजवळ प्रकाशाचं क्षेत्र नेहमीपेक्षा जास्त पीळदार होतं. त्यावर प्रथिनं चढवली, तर डाव्या आणि उजव्या आकृत्यांचा प्रतिसाद सारखा सरकला नाही, कमी-जास्त सरकला. दुधाच्या निवळीतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन त्यांत होतं, आणि तिथे फरक ठळक होता. प्रमाण एका ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्या पातळीचं. याचा अर्थ प्रथिन आहे की नाही एवढंच कळतं असं नाही, त्याची घडी कशी आहे याचाही अंदाज येतो.

साखर ही या घराण्यातली आपली जुनी ओळख. उसाची साखर ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पोल’ मोजतात तो हाच. १०० मिलिलिटर पाण्यात २६ ग्रॅम शुद्ध साखर, २० सेंटिमीटरची नळी, वळण सुमारे साडेचौतीस अंश: याला शंभर म्हणायचं, आणि रसाची तुलना त्याच्याशी करायची. डबऱ्याचा कारखाना चालू होता तेव्हा तिथेही उसाची परीक्षा हीच, आणि नगर-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याचा उतारा ठरवतानाही पोल लागतोच. इथे सोनं नाही, नॅनो नाही, पण प्रकाशाच्या दिशेवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात.

मागच्या टेबलावर काचेचा मोठा ग्लास ठेवला आहे, त्यात शंकरपाळ्याच्या पाकाइतका दाट पाक आहे. खाली जुन्या लॅपटॉपचा पांढरा पडदा आडवा ठेवला आहे, तो ध्रुवित प्रकाश देतो. बाजूला ध्रुवणाचे दोन चष्मे आहेत. १०० मिलिलिटरला ६० ग्रॅम साखर धरली आणि पाकाची उंची सात सेंटिमीटर, तर वळण सुमारे २८ अंश येतं. चष्म्याची काच ग्लासावर धरून वरून बघा आणि हळूहळू फिरवा. निळा जास्त वळतो, तांबडा कमी, म्हणून पाकात रंग बदलताना दिसतील. शेजारच्या दुसऱ्या ग्लासातल्या पाकात काकूंनी लिंबू पिळून तो बराच वेळ उकळला आहे, पाक साखरू नये म्हणून करतात तसा. लिंबाच्या आम्लाने साखर फुटते, तिचे दोन भाग होतात, आणि पुरेशी फुटली की एकूण वळण उजवीकडून डावीकडे जातं. दोन्ही ग्लासांत काच किती फिरवली की कुठला रंग येतो ते मुलांनी कागदावर लिहून घ्यावं. एकेकाने या, चष्मे दोनच आहेत.